‘एन’ म्हणजे ‘बदल नाही’ नव्हे

मंगळवार. प्रात्यक्षिकाची तयारी.

बी.एस्सी.च्या मुलांना करोनाचे उपप्रकार ओळखायला शिकवायचं तर बी.१.६१७ पासूनच सुरुवात करावी. २०२१ च्या सुरुवातीला ही वंशशाखा महाराष्ट्रात पसरली आणि तिच्या कप्पा व डेल्टा या दोन फांद्या स्पाइक जनुकाच्या छोट्याशा तुकड्यावरून वेगळ्या करता येतात. स्पाइक म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांचं प्रथिन; त्यातल्या ४५२ आणि ६८१ क्रमांकाच्या अमिनो आम्लांवरचे बदल दोन्हींत सारखे. ४८४ वर ई जाऊन क्यू आला (ही अक्षरं म्हणजे अमिनो आम्लांची एकाक्षरी नावं) तर कप्पा. ४७८ वर टी जाऊन के आला तर डेल्टा.

संगणकाआधी कागद. वुहानच्या संदर्भ-जीनोमचे, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या मूळ क्रमाचे, बेस (अक्षरं) २९,९०३. स्पाइक सुरू होतं २१५६३ पासून. तीन बेसचा एक कोडॉन, आणि एका कोडॉनला एक अमिनो आम्ल. ४५२ वा कोडॉन हवा तर आधीचे ४५१ गुणिले ३, म्हणजे १३५३. त्यात २१५६३ मिळवले की २२९१६. तिथे सीटीजी, म्हणजे ल्युसिन. मधल्या टीचा जी झाला की सीजीजी, म्हणजे आर्जिनिन. मुलं हमखास ४५२ ने गुणतात आणि पुढच्या कोडॉनवर जाऊन पडतात. त्याहून फसवी चूक वेगळीच आहे. डेल्टाच्या स्पाइकमध्ये २२०२९ पासून सहा बेस गळालेले असतात. नमुन्याच्याच क्रमात २२९१७ मोजत गेलं तर भलतं अक्षर हाती येतं. आधी संदर्भाशी जुळवणी, मगच आकडे.

बाकावर रुग्णाचा स्वॅब कधीही नको. कृत्रिम डीएनए पुरतो. २५ मायक्रोलिटरच्या पीसीआरसाठी (त्यात हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती निघतात) दुप्पट तीव्रतेचं मास्टरमिक्स, म्हणजे विकर आणि बाकी द्रव्यांचं तयार मिश्रण, १२.५, दहा मायक्रोमोलरचे दोन्ही प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे छोटे डीएनए धागे) प्रत्येकी १, डीएनए २ आणि पाणी ८.५. कृत्रिम डीएनए बराच पातळ करून घ्यावा, नाहीतर निगेटिव्ह कंट्रोलमध्येही, म्हणजे डीएनए न घातलेल्या नळीतही, पट्टा उमटतो. तुकडा साधारण २२७८० ते २३७४० असा धरला तर चारही जागा त्यात बसतात, पण सँगर पद्धतीने, म्हणजे बेसगणिक रंगीत शिखरांचा आलेख देणाऱ्या पद्धतीने, केलेलं एकच वाचन पुरत नाही. पहिले चाळीसेक बेस गढूळ येतात आणि सातशेच्या पुढे शिखरं पसरतात. म्हणून ६८१ उलट्या प्रायमरने वाचायचा. एका जागी दोन शिखरं दिसली तर सॉफ्टवेअर त्यातलं उंच तेवढं उचलतं आणि सरमिसळ लपते. आलेख डोळ्यांनी पाहायलाच हवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘एन’ या अक्षराला द्यावा असं वाटतं. एन म्हणजे तो बेस वाचताच आला नाही. डेल्टाच्या अनेक क्रमांमध्ये १४२ वरचा बदल दिसायचा आणि अनेकांत नाही, त्यामुळे विषाणू तिथे मागेपुढे बदलतोय की काय, अशी शंका घेतली गेली. दोष प्रायमरचा होता. करोनाचा जीनोम वाचायला वापरल्या जाणाऱ्या ‘आर्टिक’ या प्रायमर-संचाच्या तिसऱ्या आवृत्तीतला ७२ क्रमांकाचा उजवा प्रायमर नेमका त्या गळालेल्या सहा बेसवर चिकटायचा; डेल्टात त्याला जागाच नीट मिळेना आणि तो तुकडा वाढेना. १४२ वरचा बदल डेल्टाचं खरं लक्षण होतं, ते वाचलं जात नव्हतं इतकंच.

म्हणून तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढे दोनच रकाने ठेवू नयेत. तिसरा हवा, ‘वाचलं नाही’. मुलांना द्यायच्या एका फाइलमध्ये ४७८ ते ४८४ चा भाग मुद्दाम एनने झाकावा. ४५२ आणि ६८१ पाहून बरेचजण लगेच ‘डेल्टा’ लिहितील. योग्य उत्तर ‘कप्पा की डेल्टा, एवढ्यावरून ठरत नाही’ असं आहे, आणि त्याला पूर्ण गुण द्यायचे.

क्रमांवरून काढलेल्या विषाणूंच्या वंशावळीच्या झाडाबद्दल थोडक्यात. या विषाणूच्या एका वंशात महिन्याला सरासरी दोनेक बदल होतात, म्हणून दोन क्रम तंतोतंत जुळले तरी कोणाकडून कोणाला लागण झाली हे त्यावरून कळत नाही. शिवाय फाइलमध्ये नमुना घेतल्याची तारीख असावी, क्रम जमा केल्याची नव्हे. दोन्हींत कधी कधी कित्येक आठवड्यांचं अंतर असतं, आणि झाडाला काळाची पट्टी लावताना तेवढीच गल्लत होते.