एमपीथ्री की फ्लॅक? तुम्ही विचारलंत म्हणून

जुन्या कॅसेटी आणि स्पूल संगणकात उतरवून देण्याचं काम मी पुण्यात करते. कुणाच्या आजोबांनी सदाशिव पेठेतल्या वाड्यातली बैठक टेप केलेली असते, कुणाकडे आईचा आवाज असतो. कॅसेट हातात ठेवताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘फ्लॅकमध्ये देणार की एमपीथ्रीत? आणि खरं सांगा, कानाला फरक कळतो का?’

फ्लॅक आणि एमपीथ्री या ध्वनीच्या फाइलींच्या दोन जाती: फ्लॅक काहीही न गमावता फाइल लहान करतो, एमपीथ्री थोडं टाकून देऊन ती आणखी लहान करतो. दर सेकंदाला किती किलोबिट माहिती ठेवली, तो एमपीथ्रीचा बिटरेट. ३२० किलोबिटच्या, नीट बनवलेल्या एमपीथ्रीत आणि मूळ ध्वनीत बहुतेकांना फरक कळत नाही. मलाही नाही कळत. १२८ किलोबिटला उतरलात की कळतो, आणि कुठे कान द्यायचा हे ठाऊक असेल तर चांगलाच कळतो. असं असूनही तुमची कॅसेट मी फ्लॅकमध्येच उतरवते.

आधी आकडे. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, प्रत्येक १६ बिटांचा. डावी-उजवी बाजू मिळून सेकंदाला १,४११ किलोबिट, म्हणजे तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी. फ्लॅक हे सगळं घडी घालून साधारण निम्म्या जागेत बसवतो आणि घडी उलगडली की बिटन् बिट जागेवर असतो. एमपीथ्रीची रीत निराळी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेचा त्यात मोठा वाटा आहे आणि तिचा पाया माणसाच्या कानाच्या अभ्यासावर आहे. लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशा चालू असताना शेजारचा माणूस काय म्हणाला ते ऐकू येत नाही. तसा प्रत्येक मोठा स्वर आपल्या आजूबाजूचे बारीक आवाज झाकतो. एमपीथ्री नेमक्या त्या झाकलेल्या जागी काटकसर करतो. तिथला तपशील ढोबळ होतो, थोडी खरखर शिरते, पण मोठा स्वर तिला झाकून ठेवतो. ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

ती कुठे उघडी पडते, तर आघातात. एमपीथ्री ध्वनीचे साधारण २६ मिलिसेकंदांचे तुकडे पाडून काम करतो. तुकड्याच्या मध्यावर तबल्याची खणखणीत चाट पडली, तर ढोबळपणातून आलेली खरखर त्या सबंध तुकड्यात पसरते, म्हणजे चाटेच्या आधीही. आघातानंतरचे बारीक आवाज कान बराच वेळ विसरतो, आधीचे मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. त्यामुळे कमी बिटरेटला ‘ना’ वाजण्याच्या आधी एक पुसट ‘श्श’ येतो आणि बोलाची धार जाते. चांगले एन्कोडर (एमपीथ्री बनवणारे प्रोग्रॅम) अशा जागी तुकडे लहान करून ही खोड बरीच आवरतात. तज्ज्ञ या चाचणीसाठी कॅस्टनेट्स हे स्पॅनिश लाकडी वाद्य वापरत आले. आपल्याकडे चिपळ्या घ्या.

दुसरी जागा टाळ्यांची. सवाईच्या मंडपात तराणा संपल्यावर जो कडकडाट होतो, तो म्हणजे हजारो बारीक आघात, एकमेकांत मिसळलेले, कुठलीच नियमित लय नसलेले. तिथे झाकायला एक मोठा स्वर नसतो. १२८ ला या टाळ्यांचं पाणी होतं, तेलात काही तळल्यासारखा आवाज येतो. संथ आलाप, मागे तंबोरा, एवढंच असेल तर तोच एमपीथ्री कितीतरी सुखाने ऐकवतो. म्हणून ‘फरक कळतो का’ याचं उत्तर काय ऐकता आहात त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. वयावरही आहे. १२८ चे बरेच एमपीथ्री १६ हजार हर्ट्झच्या आसपास वरचा भाग छाटून टाकतात, आणि पन्नाशीच्या पुढे तिथलं बहुतेकांना ऐकूच येत नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा, पण डोळे बांधून. फूबार२००० या मोफत प्रोग्रॅममध्ये एबीएक्स चाचणीची सोय जोडता येते. तीत कुठली फाइल वाजते आहे ते न सांगता तुम्हाला ओळखायला लावतात. एमपीथ्री तुमच्याच फ्लॅकपासून बनवा, दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा (किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो) आणि सोळा वेळा ओळखा. बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर खरंच काहीतरी ऐकू येतंय. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी आहे. नाव वाचून ऐकलं की फ्लॅक नेहमीच मोकळा आणि गोड लागतो. त्यात कुणी खोटं बोलत नसतं, मन कानाच्या आधी ऐकतं.

सीडीच्याही वरचं, २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं (म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचं) रेकॉर्डिंग घ्यावं का, हेही विचारतात. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात सीडीच्या वरचं आणि सीडीच्या दर्जाचं यांतला फरक न बघता ओळखण्याच्या साडेपाचशेहून अधिक चाचण्या मांडल्या. जेमतेम निम्मी उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. ऐकण्यासाठी त्यावर पैसे घालवू नका. ब्लूटूथवर फ्लॅक लावलात, तरी साध्या एसबीसीतून (ब्लूटूथची ध्वनी लहान करायची नेहमीची रीत) जाताना ते पुन्हा काटछाट होऊनच कानात पोचतं.

मग फ्लॅक कशाला? कारण एमपीथ्रीची सगळी हुशारी ‘हे असंच ऐकलं जाईल’ या गृहीतावर उभी आहे. कॅसेट तशी ऐकली जात नाही. तिची सरसर कमी करायची असते, बुजलेला वरचा सूर उचलायचा असतो, दबलेला तंबोरा वर आणायचा असतो. समतोल बदलला की झाकणारा स्वर खाली जातो आणि झाकलेली खरखर वर येते. शिवाय दर वेळी एमपीथ्रीचा पुन्हा एमपीथ्री केला की नुकसान साठत जातं. उद्या सरसर काढायची आजच्यापेक्षा चांगली साधनं येतील, तेव्हा त्यांच्या हाती काय द्यायचं, हा खरा प्रश्न आहे. आजोबांची बैठक एकदाच झाली होती.

उलटा प्रवास मात्र होत नाही. एमपीथ्रीचं फ्लॅक केलं, तर फाइल मोठी होते, गेलेलं परत येत नाही. ‘फ्लॅक’ म्हणून मिळालेली फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्रॅम (कुठल्या पट्टीत किती आवाज आहे याचं चित्र) करून पाहा. १६ हजार हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर शंका घ्या.

आणि या सगळ्यापेक्षा मोठा फरक कशात पडतो, ते कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते: हेडच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या मशीनमधल्या भागाच्या, कोनात. ज्या मशीनवर टेप झालं, त्याच्या हेडचा कोन आणि वाजवणाऱ्या मशीनचा कोन जुळला नाही, तर वरचे सूर गायब होतात. गायक पडद्यामागे बसल्यासारखा वाटतो. प्रत्येक कॅसेटला बारीक स्क्रू ड्रायव्हरने हेड जुळवावं लागतं, कधी ए आणि बी बाजूला वेगवेगळं. हे न करता उतरवलेलं फ्लॅक, हे करून उतरवलेल्या १२८ च्या एमपीथ्रीपुढे कुणीही डोळे झाकून ऐकलं तरी हरेल. तेव्हा कुणाकडेही कॅसेट द्या, पण आधी एवढं विचारा: हेड जुळवता का?

माझ्याकडून तुम्हाला दोन फाइली मिळतील. फ्लॅक दोन ठिकाणी जपून ठेवा, एमपीथ्री फोनवर टाकून रोज ऐका. कॅसेट टाकू नका. उभी ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून लांब.