गजकर्ण झालेल्या मांजरीला घरी अंघोळ: माझा अनुभव

जुलैत आमच्या चिक्कीच्या कानामागे रुपयाएवढं टक्कल दिसलं आणि त्याच आठवड्यात मुलाच्या दंडावर लाल कडं उमटलं. नेरूळच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) तिच्यावर धरला, तर डागाच्या कडेचे केस पोपटी चमकले. गजकर्ण. ही बुरशी दरवेळी चमकतेच असं नाही, म्हणून त्यांनी चिमट्याने थोडे केस उपटून कल्चरलाही, म्हणजे त्यांवर बुरशी वाढते का ते बघायच्या तपासणीला पाठवले. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर थांबायचं नाही, म्हणाले. पोटात औषध, आणि जोडीला आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि मायकोनाझोल (बुरशीनाशक) असलेल्या शाम्पूने अंघोळ. तो शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, मगच धुवायचा.

एरवी निरोगी मांजरीला अंघोळ लागतच नाही. तिच्या जिभेवरचे बारीक काटे टोकाला पोकळ असतात, त्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोचते. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. पण याचाच दुसरा अर्थ असा की मांजरीच्या अंगाला जे लागेल ते तिच्या पोटात जाणारच. घरी अंघोळ घालणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

सासूबाई सहज म्हणाल्या, "अगं, पाण्यात झाकणभर डेटॉल टाक, सगळे जंतू मरतील." आपल्याकडे घरोघरी ही सवय असते. मी म्हटलं, "नको आई, आपल्याला चालतं ते तिला विष आहे." डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल काय किंवा लादी पुसायचं फिनाईल काय, ही फिनॉलच्या जातीची रसायनं निकामी करून बाहेर टाकायची ताकद मांजरीच्या यकृतात फारच कमी असते. टी ट्री तेलाचंही तेच. दुकानात मला कुत्र्यांचा गोचिडांचा शाम्पू "दोघांना चालतो" म्हणून दाखवला होता. त्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक लिहिलेलं होतं. परमेथ्रिनने मांजरीला झटके येतात, जीवही जातो. बाटलीवर मांजरीचं नाव नसेल तर ती घेऊच नये, एवढं मी कळकळीने सांगेन.

तयारी आदल्या दिवशीच सुरू व्हायची. नखांची टोकं तेव्हाच कापायची, कारण अंघोळीच्या दिवशी तिला दोनदा पकडायला नको. मग विंचरायचं, गुंता ओला झाला की आणखी आवळतो. अंघोळीआधी दोरीमागे भरपूर पळवायचं, म्हणजे थोडी दमते. पाणी बाथरूममध्ये तिला न्यायच्या आधी बादलीत भरून ठेवायचं. नळाच्या धारेचा आवाज आणि एक्झॉस्ट पंखा, दोन्ही बंद. मांजरीच्या अंगाचं तापमान 38-39 अंश असतं, म्हणून पाणी कोमटच हवं. तान्ह्या बाळाचं बघतो तसं कोपर बुडवून बघायचं. टबात तळाला जुना टॉवेल घातला आणि फरक लगेच कळला. गुळगुळीत प्लास्टिकवर पाय सरकले की ती घाबरायची. टॉवेलमध्ये नखं रुतवायला मिळाली की उभी राहायची.

गजकर्ण माणसाला लागतं म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. पाणी पोटापर्यंतच. मग मानेपासून शेपटीकडे मगाने हळूहळू ओतायचं, डोक्यावर अजिबात नाही. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात किंवा कानाच्या आत जाता कामा नये, त्यामुळे कानामागच्या डागाला बोळ्याने जपून लावायचं आणि तोंड नुसत्या ओल्या फडक्याने पुसायचं. मानगूट धरून उचलायचं नाही. तोंड उघडून धापा टाकायला लागली तर तिथेच सगळं थांबवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खरी कसोटी त्या दहा मिनिटांची. फेस अंगावर असताना तिला चाटू द्यायचं नाही आणि बाथरूमचं दार तर समोर दिसतंय. मोबाईलचा टायमर वाजला की दचकते, म्हणून सासूबाईंनीच मार्ग काढला. त्यांचं संध्याकाळचं स्तोत्र म्हणायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्या पाटावर बसून एका लयीत म्हणायला लागायच्या, मी टॉवेलात गुंडाळलेल्या चिक्कीला मांडीवर घ्यायची आणि स्टीलच्या ताटलीला फासलेली मांजरांची मऊ ट्रीट तिच्यापुढे धरायची. जीभ ताटलीत गुंतली की अंगाकडे वळत नाही. सुरुवातीला कान मागे पडलेले, शेपटीचं टोक फटाफट आपटतंय. फलश्रुतीपर्यंत कान पुन्हा सरळ व्हायचे. घरात तो आवाज ती रोज ऐकते, त्याचा तिला आधार वाटत असणार असं माझं मत आहे.

धुताना घाई करू नये. केसांतून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, बोटांना चिकटपणा लागेनासा होईपर्यंत धुवायचं. पोटाखाली आणि मांड्यांत शाम्पू लपून राहतो.

आणि मग वाळवणं. पावसाळ्यात नवी मुंबईतल्या हवेत रुमालसुद्धा वाळत नाही, आणि ओलसर केसांखाली कातडी दमट राहिली की बुरशीचं फावतं. टॉवेल चोळायचा नाही, दाबून दाबून पाणी टिपायचं आणि ओला झाला की लगेच दुसरा घ्यायचा. ड्रायरच्या आवाजाने ती पलंगाखाली पळते, म्हणून तो कपाटातच राहिला. छोट्या खोलीत खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून तिला अंग चाटू द्यायचं आणि मध्ये मध्ये कोरड्या टॉवेलने टिपत राहायचं.

नुसत्या अंघोळीने भागत नाही. गळलेल्या केसांवर बुरशीचे कण कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे तिची गादी, चादरी, सोफ्याची कव्हरं सतत धुवायला टाकत होतो. केस आधी व्हॅक्युमने काढायचे. झाडूने ते उडतात. मुलाला त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, त्याचं कडं तिच्या आधी गेलं.

कानामागे लव आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं. पण केस उगवले म्हणजे बुरशी गेली असं नसतं. लागोपाठ दोन कल्चर कोरे आल्यावरच डॉक्टरांनी अंघोळी बंद करायला सांगितल्या. आता चिक्कीला फक्त ब्रश करतो, आणि लादी पुसायच्या बादलीतून फिनाईल कायमचं गेलं आहे.