वाळ्याचे दोन वास, पंधरा दिवस

रोज ऑफिसला लावायला एकच सुगंध ठरवायचा होता. ताजा, लाकडाचा, थोडा मातकट. म्हणजे माझ्यासाठी वाळाच. लहानपण नागपुरात गेलं. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी असायची आणि तिच्यावर दुपारी पाणी मारायचं काम माझ्याकडे. शेवटी दोन बाटल्या समोर ठेवल्या: गेर्लां या फ्रेंच कंपनीचं १९५९ सालचं 'वेतिव्हेर' (वाळ्याचा स्प्रे) आणि उत्तर प्रदेशातल्या कनौजचं रूह खस. खस म्हणजे वाळाच.

रूहच्या बाबतीत आधी एकदा फसलो. एका दुकानातून 'खस अत्तर' म्हणून आणलेली बाटली हिरव्या सरबतासारखी गोडमिट्ट निघाली. तेव्हा चौकशी केली. अत्तरात वास चंदनाच्या तेलात उतरवतात, हल्ली बरेचदा कुठल्याही स्वस्त तेलात. रूह म्हणजे नुसतं मुळांचं तेल. तांब्याच्या देगेत मुळं आणि पाणी, खाली आच, आणि बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात. तांब्यामुळेच त्याला हिरवट झाक येते. किंमत ऐकून थबकलो, पण अगदी छोटी कुपी घेतली.

मग डाव्या मनगटावर स्प्रे, उजव्यावर रूह, असे पंधरा दिवस. नाक थकलं की स्वतःच्या कोपराचा, काहीही न लावलेल्या कातडीचा वास घ्यायचा. पुन्हा फरक कळायला लागतो.

स्प्रे मारला की आधी लिंबू, मग जायफळ, मिरी, सुक्या तंबाखूचं पान, आणि त्याखाली धुऊन इस्त्री केल्यासारखा स्वच्छ वाळा. ठाण्याहून सकाळच्या लोकलमध्ये त्याने फार बरं वाटायचं. पण दादर येईपर्यंत लिंबू गेलेलं असे, आणि जेवणानंतर तर मनगट नाकाला लावून वास शोधावा लागे.

रूहचं सगळं उलट. सुरुवातीला धूर, ओली माती, कच्च्या बटाट्याची साल. पहिल्या दिवशी बोटाने चोपडलं तर शेजारच्या मॅडमनी खिडकीच उघडली, आणि त्यांचं बरोबर होतं. वाळ्याच्या तेलातले घटक जड असतात, सावकाश उडतात; म्हणून तर दुसरे वास टिकवायलाही ते वापरतात. नंतर काचेच्या काडीचं टोक नुसतं टेकवायला लागलो. दोनेक तासांनी धूर विरला आणि भिजलेल्या ताटीतून येणारा तो गार वारा आला, अगदी तोच. संध्याकाळी परतीच्या गाडीतही होता.

रोजसाठी रूहच ठरवलं. आंघोळीनंतर लगेच, बनियनच्या आत छातीवर, एकच टिपका. म्हणजे ऑफिसात पोचेपर्यंत धूर बसतो. शर्टावर मात्र लावू नका, माझ्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरचा डाग अजून गेलेला नाही. स्प्रे ऑफिसच्या खणात ठेवलाय. संध्याकाळी परस्पर कुणाकडे जायचं असेल तर त्याचे दोन फवारे पुरतात.