माशेल–साखळी–नार्वे–दिवाडी: फेरा कुठल्या बाजूने घ्यावा

कार्तिक, रविवार

गोव्यातल्या माशेलहून सायकलने आमोणे, साखळी, डिचोली, मये, नार्वे. तिथून फेरीबोटीने दिवाडी, दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे आणि खोर्ली, बाणस्तारीवरून परत माशेल. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर भरतात. फोंड्याहून येणाऱ्यांनी येऊन-जाऊन पंचवीस-तीस आणखी धरावेत. घाट नाही, मयेच्या आसपास चढउतार आहेत, पण पुढे ३४ दात्यांचे आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असेल तर कुठेही उतरावे लागत नाही. दिवस कसा जातो ते ठरते फेऱ्याच्या दिशेवर.

उलटा फेरा घेणारे पुष्कळ. दिवाडी आधी, डिचोली नंतर. मला तो पटत नाही. या दिवसांत सकाळी घाटाकडून पूर्वेचा वारा उतरतो आणि दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा सुरू होतो. माशेलहून आधी आमोण्याच्या पुलाकडे वळले तर साखळीपर्यंत सकाळचा वारा समोरून लागतो खरा, पण तेव्हा पाय ताजे असतात. डिचोलीहून मये-नार्व्याला तोच पाठीशी येतो. जुन्या गोव्याहून बाणस्तारीला पूर्वेकडे जाताना दुपारचा वारा ढकलतो. शिवाय आमोणे ते डिचोली हा ट्रकांचा पट्टा उजाडताच मागे पडतो, आणि रविवारी ते कमीच असतात.

याच पट्ट्यात खनिजाची तांबडी माती रस्त्याच्या कडेला साचलेली असते. सुकी असताना ती नुसती धूळ. दवाने ओली झाली की वळणावर टायर धरत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी मारावा, वळणात नव्हे. रिम ब्रेकवाल्यांना (ज्यांचे रबरी पॅड चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबतात) दुसरा त्रास: ही माती पॅडमध्ये रुतते आणि रिम घासत राहते. करकर आवाज आला की थांबून पॅड पुसावा, रुतलेला खडा चाकूच्या टोकाने काढावा.

टायर ३२ मिमीचा बरा. स्वार सत्तरेक किलोचा असेल तर हवेचा दाब मागे ६५, पुढे ६० पीएसआय. नव्वद भरून येणारे चिऱ्याच्या बारीक खड्यांवर उडत राहतात आणि हात बधिर करून घेतात. फार कमी हवाही नको. खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चेमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. ट्यूब काढल्यावर तशी जोडी दिसली तर काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

खाणे साखळीत किंवा डिचोलीत, पातळ भाजी आणि पाव. पुढे मये-नार्व्यात सकाळी काही उघडे मिळेलच असे नाही. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, एका बाटलीत मीठ-साखर. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. पोटरीत गोळा आला की कळते.

नार्व्याला सप्तकोटेश्वर. देव मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथले देऊळ पाडल्यावर नदीपलीकडे आला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. आपण फेरीबोटीने जातो ती वाट देवाच्या उलट दिशेची.

धक्क्याचा उतार ओहोटीला लांब आणि शेवाळलेला असतो. सायकलवरून उतरूनच जावे. खाली लोखंडी क्लीट, म्हणजे पॅडलला अडकणारी खाच, असलेले बूट असतील तर दुप्पट जपून. बोटीचा पत्राही ओला असतो. आधी वाहने उतरू द्यावीत, आपण शेवटी.

दिवाडी सपाट, खाजनांमधून, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतांमधून, अरुंद रस्ता. घाई करू नये, याचे कारण देखाव्यापेक्षा भात. कापणीच्या दिवसांत रस्त्यावरच भात वाळत घातलेले असते. त्यावरून सायकल घालणे वाईट तर आहेच, वर पेंढ्याची काडी डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांत गुंडाळते, चेन अडकते, आणि तशीच ओढली तर डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकतो. थांबावे, पॅडल उलटे फिरवून काडी ओढून काढावी. रस्त्याची कडाही मऊ असते. समोरून गाडी आली तर मातीत उतरण्याऐवजी पाय टेकून उभे राहिलेले बरे.

जुन्या गोव्याच्या पुढे महामार्ग. इथे गावांचे सुख संपते. मागचा लाल दिवा दिवसाही लावावा, कडेच्या पट्टीत सरळ रेषेत चालवावी, आणि कुंभारजुवे कालव्यावरील बाणस्तारीच्या पुलापर्यंत मगर बघायला अधेमध्ये थांबू नये.

घरी आल्यावर चेन लगेच पुसावी. तांबडी माती आणि खाऱ्या हवेचा ओलावा मिळून रात्रीत गंज धरतो. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये. ओले फडके, मग कोरडे, मग प्रत्येक कडीला एकेक थेंब तेल. दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर पुढच्या फेरीला तेच धूळ गोळा करते.