लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे शब्द : आमची वाटचाल

चिपळूणच्या बाजारपेठेत, धान्याच्या दुकानावरच्या माडीवर, जून २००३ मध्ये आम्ही नवराबायकोने इंग्रजीचा क्लास काढला. गावात स्पोकनचे क्लास तेव्हाही होते, पण सगळीकडे काळांचे तेच तक्ते आणि पाठ करायला दिलेल्या पन्नास-पन्नास शब्दांच्या त्याच याद्या चालत. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले होते आणि घरोघरी पालकांच्या मनात धाकधूक होती. मी स्वतः मराठी माध्यमातला. क्लास काढण्याआधी सहा वर्षे मुंबईतल्या एका छापखान्यात इंग्रजी मजकुराची मुद्रिते तपासत होतो. तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, की यादीतून पाठ केलेला शब्द आठवडाभरात निसटतो, पण जी हकीकत आधीच आपल्या कानावर आलेली आहे तिच्या बातमीत भेटलेला शब्द डोक्यात घर करून राहतो. आमचा सगळा धंदा या एका अनुभवावर उभा राहिला, आणि या पद्धतीने चिपळुणात आमच्या आधी कोणी शिकवले नव्हते, हे मी आजही ठामपणे सांगतो.

कोकणाला मात्र ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यात एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. म्हणून आमची वर्षाची मोठी बॅच आम्ही दरवर्षी ६ जानेवारीलाच सुरू करतो आणि त्या दिवशी पहिला अर्धा तास फक्त त्यांच्याविषयी बोलतो.

पहिली तीन वर्षे तगलो ती एस.टी. स्टँडवरच्या पेपरवाल्या दादांमुळे. इंग्रजी पेपर तेव्हा गावात मोजकेच येत आणि त्यातलेही काही विकले जात नसत. ते परतीचे अंक रद्दीत न टाकता दादा आमच्यासाठी बाजूला ठेवत, आणि पहिले वर्षभर त्यांनी एक पैसा घेतला नाही. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण मराठी पेपर पहाटे स्वतः वाचलेला असल्यामुळे कोकणातली कोणती बातमी इंग्रजीत कोणत्या पानावर असणार हे त्यांना फोटोवरून आणि गावाच्या नावावरून ओळखता येई, आणि ते पान ते दुमडून देत. पुढे मी त्यांना क्लासमध्ये भागीदारी देऊ केली तेव्हा त्यांनी हात जोडले. २०१६ मध्ये ते गेले. आमच्या भिंतीवरच्या दोन फोटोंपैकी दुसरा त्यांचा आहे.

आता कार्डांविषयी, कारण आमची खरी मिळकत तीच. ओळखीपाळखीच्या घरांतून जुन्या लग्नपत्रिका गोळा करायच्या, पाठीमागचा कोरा भाग कापून त्याचे चार तुकडे करायचे, एका बाजूला बातमीतले अख्खे वाक्य कातरून डिंकाने चिकटवायचे आणि शिकायच्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची. दुसऱ्या बाजूला माझी पत्नी तिच्या सुवाच्य अक्षरात मराठी अर्थ, तारीख आणि त्या शब्दाचे सोबती लिहीत असे. सोबती म्हणजे त्याच्या मागेपुढे नेहमी येणारे शब्द. आपण जोराचा पाऊस म्हणतो आणि जोराचा वाराही म्हणतो. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो आणि दर्या खवळला की तो ‘रफ’ होतो. हे सोबती माहीत नसतील तर सुटा शब्द येऊनही वाक्य उभे राहत नाही. क्रियापदाच्या कार्डाचा उजवा कोपरा तिरका कापलेला असे, म्हणजे गठ्ठ्यातून बोटाने चाचपूनही ते काढता येई.

ही कार्डे चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करून ठेवायची, बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि चुकलेले पुन्हा पहिल्यात येते. हे आम्ही अडचणीतून शोधलेले तंत्र होते. पुष्कळ वर्षांनी वाचनात आले, की जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात असेच खोके लोकांना सुचवले होते, आणि आठवण किती झपाट्याने विरते याचे मोजमाप हेर्मान एबिंगहाउस यांनी त्याहीआधी, १८८५ मध्ये मांडले होते. ते वाचून मला फार समाधान वाटले.

आमच्याकडे सर्वांत जास्त वर्षे टिकलेल्या विद्यार्थिनी म्हणजे कालुस्त्याच्या भाभी. पती कुवेतला, घरात तीन मुली. पहिल्या मुलीला २००५ मध्ये सोडायला आल्या आणि बाकावर बसून ऐकता ऐकता पुढच्या महिन्यात स्वतःची फी घेऊन आल्या. त्यांचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून पोर्तुगिजांमार्फत इंग्रजीत गेला, हे मी सांगितले तेव्हा त्या पटकन म्हणाल्या, “सर, म्हणजे हा आमचाच मौसम परत आला.” तेव्हापासून त्या रोज फळ्यावरची पाचही कार्डे दोनशे पानी वहीत उतरवून घेऊ लागल्या. पानावर तीन रकाने असत. पहिल्यात इंग्रजी वाक्य, दुसऱ्यात मराठी अर्थ आणि तिसऱ्यात उर्दू. तिन्ही मुली शिकून बाहेर पडल्या तरी भाभींचे येणे थांबले नाही.

मधली वर्षे चांगली गेली.

२०१४च्या एप्रिलमध्ये, दहावी-बारावीच्या सुट्टीचा सीझन ऐन भरात असताना, महामार्गालगत एका बाहेरच्या शहरातल्या क्लासची शाखा उघडली. काचेचा दर्शनी भाग, एसी आणि ६० दिवसांत अस्खलित इंग्रजीची हमी. आमची फी महिना ६०० रुपये होती, त्यांची १८,००० आणि तीही एकरकमी आगाऊ. स्पर्धेचे मला वाईट वाटले नसते. बाजारपेठेत दुकानाशेजारी दुकान असतेच. पण आम्ही चार वर्षे हाताखाली तयार केलेला शिक्षक एका शनिवारी पगार घेऊन गेला आणि सोमवारी तिकडे उभा राहिला, आणि महिन्याभरात त्यांच्या भिंतीवर आमच्याच कार्डांतली वाक्ये रंगीत छापून लागली. ती आमचीच होती हे मी कसे सांगतो? एका कार्डावर पत्नीने ‘लँडफॉल’चा अर्थ घाईत ‘दरड कोसळणे’ असा लिहिला होता. वादळ किनाऱ्यावर येऊन धडकते त्याला ‘लँडफॉल’ म्हणतात आणि दरडीला ‘लँडस्लाइड’. आम्ही ती चूक नंतर सुधारली, त्यांच्या भिंतीवर मात्र ती तशीच होती. आमची पटसंख्या वर्षभरात ७४ वरून १९ वर आली. ज्यांच्या दोन-दोन मुलांना आम्ही अर्ध्या फीत शिकवले होते, त्या पालकांनी रस्त्यात नजर चुकवली. ती शाखा तीन वर्षांनी एका रात्रीत बंद झाली आणि लोकांची आगाऊ फी बुडाली, तेव्हा तेच पालक परत आले. आम्ही सर्वांना घेतले. त्या शिक्षकाचा फोन आजवर आलेला नाही, आणि हे शल्य मी झाकून ठेवणार नाही.

या धास्तीतूनच मी आयुष्यातली मोठी चूक केली. लोकांना दर्शनी भाग हवा आहे असे मनाने घेतले आणि २०१७ मध्ये माडी सोडून, कर्ज काढून, तळमजल्यावरचा मोठा गाळा भाड्याने घेतला. जुलै २००५च्या पुरात माडीच्या जिन्याची चौथी पायरी भिजली होती आणि आमचे एक कार्डही ओले झाले नव्हते, हे पत्नीने मला तीन वेळा सांगितले होते. धंदा करणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की चिपळूणसारख्या गावात, जिथे वाशिष्ठीला डोंगराचे पाणी येते आणि दाभोळच्या खाडीची भरती गोवळकोटपर्यंत चढते, तिथे कागदाचा धंदा तळमजल्यावर कधीही आणू नये.

मार्च २०२०च्या लॉकडाऊननंतर वर्ग मोबाइलवर चालू होते, गाळ्याचे भाडे मात्र सुरूच होते. जुलै २०२१च्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पावसाचेच शब्द घेतले होते. हवामान खात्याच्या भाषेत ‘हेवी’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘व्हेरी हेवी’ म्हणजे २०४.४ पर्यंत आणि त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. २२ जुलैच्या पहाटे ते सर्व शब्द आमच्या दारात आले. घर उंचावर असल्याने आम्ही वाचलो. गाळ्यात छताला हात लागेल इतके पाणी होते. त्याच पुरात १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचेही मोठे नुकसान झाले, मग आमच्या खोक्यांची काय कथा?

दोन दिवसांनी शटर कापून आत गेलो. चिखल गुडघाभर होता. अठरा वर्षांची कार्डे खोक्यांसकट फुगून विटांसारखी झाली होती. एक वीट मी दोन्ही हातांनी उचलली, तेव्हा डिंक सुटून बातम्यांचे तुकडे गळून पडले आणि हातात लग्नपत्रिकांची बाजू राहिली. गणपतीचे लाल चित्र तेवढे स्पष्ट होते, पत्नीच्या अक्षराची निळी शाई सगळीकडे पसरलेली होती. त्या संध्याकाळी आम्ही क्लास बंद करायचे ठरवले. रात्री आठवीतल्या एका मुलाने ग्रुपवर वाक्य पाठवले : ‘द वॉटर हॅज रिसीडेड, बट द मड हॅज नॉट.’ पाणी ओसरले या अर्थाचा ‘रिसीड’ आम्ही त्याच आठवड्यात दिला होता. मी त्याला उत्तर पाठवू शकलो नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कालुस्त्याच्या भाभी रिक्षाने आल्या. त्यांच्याही घराचा खालचा मजला गेला होता, पण वह्या वरच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत होत्या. एकूण २३ वह्या. तारखांसकट, सोबत्यांसकट, सोळा वर्षांची बहुतेक सगळी कार्डे. त्या म्हणाल्या, “सर, हे तुमचंच आहे, उतरवून घ्या. माझ्या मला परत द्या मात्र.” पत्नी वह्या घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सप्टेंबरमध्ये जुन्या मालकांनी माडी पूर्वीच्याच भाड्यात परत दिली. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. आज चार बॅच आहेत आणि ६१ विद्यार्थी आहेत, त्यांत दोन परिचारिका, एक आंबा बागायतदार आणि जहाजावर जाण्याची तयारी करणारी पाच मुले आहेत.

पालकांनी विचारलेले नसले तरी इतक्या वर्षांनंतर मला सांगावेसे वाटते. मुलाला दिवसाला पाचच शब्द द्यावेत आणि ते दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारावेत. बातमी आधी मराठीत वाचून घ्यावी, मग इंग्रजीत; अर्थ आधीच ठाऊक असला की नजर शब्दाकडे जाते. आपल्या तालुक्यातल्या बातमीपासून सुरुवात करावी. २०२२च्या उन्हाळ्यात रुंदीकरणासाठी परशुराम घाट दुपारी बंद ठेवत होते, तेव्हा ‘डायव्हर्ट’ आणि ‘वाइडनिंग’ हे शब्द आमच्या बेसिक बॅचला एका दिवसात आले, कारण प्रत्येकाच्या घरचे कोणी ना कोणी त्या घाटात अडकलेले होते. मथळ्यांची भाषा मात्र वेगळी शिकवावी. तिथे घडून गेलेली गोष्टही वर्तमानकाळात सांगतात, होणाऱ्या गोष्टीसाठी नुसता ‘टू’ वापरतात आणि मंजुरीला ‘नॉड’, चौकशीला ‘प्रोब’ म्हणतात. ही भाषा मुलाने निबंधात उतरवली तर शाळेत गुण जातात आणि दोष क्लासवर येतो.

नवी कार्डे आम्ही पुन्हा लग्नपत्रिकांवरच करतो आहोत. मोबाइलवरची तयार कार्डे वापरून पाहिली, पण स्वतः कातरलेले वाक्य मुलांच्या जास्त लक्षात राहते असा माझा अनुभव आहे. रोज संध्याकाळी बॅच सुटल्यावर पत्नी भाभींच्या एका वहीतून वीस शब्द उतरवते आणि भाभी शेजारी बसून डिंक लावतात. सतरा वह्या झाल्या, त्या परत केल्या. अठरावी सध्या टेबलावर आहे, तिची ४० पाने राहिली आहेत.