आधी डेकखालचा फोटो पाठवा

‘घराभोवतीचं गवत कापायला जुना डिझेल गार्डन ट्रॅक्टर मिळतोय, घेऊ का?’ गवत वाढायला लागलं की हा प्रश्न ठरलेला. सोबत फोटो येतात: पुसून चकचकीत केलेलं बॉनेट, हेडलाइट, सीट, तासांचा मीटर, बॉनेट उघडून इंजिन. ज्याने गवत कापलं जातं त्या डेकचा, म्हणजे पोटाखालच्या पात्यांच्या पेटीचा, फोटो क्वचितच कुणी काढतं. तेव्हा हो-नाही सांगण्याआधी मी तोच मागतो, आणि खालून काढलेला मागतो.

डिझेल म्हटलं की माणूस इंजिनाभोवतीच घुटमळतो, आणि जुन्या यंत्रात बहुधा तेच सगळ्यात शाबूत असतं. खर्च निघतो तो डेकमध्ये, हायड्रोस्टॅटमध्ये (ऑइलच्या दाबाने चाकं फिरवणाऱ्या गिअरपेटीत) आणि न मिळणाऱ्या पार्टमध्ये.

पण त्याच्याही आधी, गवत आहे किती? एकराच्या आत असेल तर डिझेलचा विषय सोडून द्या. 42 इंची डेकचा साधा पेट्रोल मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, वळणं धरून, तासाला साधारण एक एकर काढतो. 54 इंची डेकचा गार्डन ट्रॅक्टर जरा जास्त वेगाने दीड एकर काढेल. म्हणजे दोन एकरांमागे चाळीसेक मिनिटं वाचली, आणि तीही बहुतांशी डेकच्या रुंदीमुळे. टाकीत डिझेल आहे की पेट्रोल याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. झाडं, वाफे, अरुंद वाटा जास्त असतील तर रुंद डेक उलट अडचणच करतो. शिवाय वजन. पाण्याने थंड होणारं तीन सिलिंडरचं इंजिन, जाड चेसिस, मागे भारी गिअरपेटी, असं सगळं मिळून ही यंत्रं चारशे-पाचशे किलोंच्या घरात जातात, काही त्याहून जड. ओल्या जमिनीवर घातली की दोन चाकोऱ्या पडतात आणि त्या बुजायला बराच काळ जातो.

दोन एकरांच्या वर गवत असेल, किंवा कापणीबरोबर ट्रेलर ओढणं, माती सारखी करणं अशी कामं असतील, तर बोलणं पुढे न्यायला अर्थ आहे. लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर यांच्यातला फरक इथेच कळतो. दिसायला दोघं भावंडं, पण पहिल्याची मागची गिअरपेटी कापणीपुरती असते. दुसऱ्याची जमिनीत घुसणारं अवजार ओढायच्या हिशोबाने केलेली असते. डिझेलमध्ये नेहमी कानावर येणारी नावं म्हणजे जॉन डिअरची 430, 455 आणि अलीकडची एक्स758, कुबोटाची जी मालिका, आणि जिला गार्डन ट्रॅक्टर म्हणावं की सरळ छोटा ट्रॅक्टर म्हणावं यावर वाद होतो ती कुबोटाचीच बीएक्स मालिका. जॉन डिअरच्या या तिन्हींत इंजिन यानमारचं आहे.

डिझेलने काय मिळतं? खालच्या फेऱ्यांवर ताकद मिळते. दाट, उंच गवतात शिरलं की पेट्रोल इंजिनाचा आवाज बसतो. तिथे डिझेल जरा धूर सोडून चालत राहतं. इंधनही त्याच कामाला साधारण एक तृतीयांश कमी लागतं. पण हिशोब करून बघा. घरचं यंत्र वर्षाला चाळीस-पन्नास तास चालतं. तासाला दीड लिटर वाचलं तरी वर्षाकाठी साठ-सत्तर लिटर. एकदा डिझेल फवारणारी नोझल आणि पंप काढून तपासणीच्या बेंचवर न्यायची वेळ आली की कित्येक वर्षांची बचत त्यात जिरते. इंधन वाचेल म्हणून कुणी डिझेल घेत असेल तर मी स्पष्ट नको म्हणतो.

मी स्वतः डिझेल वापरतो ते वेगळ्या कारणाने. कार्ब्युरेटर नाही, स्पार्क प्लग नाही, उभ्या-उभ्या शिळं होणारं पेट्रोल नाही. आणि अजून एक गोष्ट आहे, जी विकणारे सहसा सांगत नाहीत: 19 किलोवॉटच्या, म्हणजे साधारण 25 अश्वशक्तीच्या खालच्या डिझेल इंजिनांवर अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियमांनीही काजळीचा फिल्टर लादला नाही. त्यामुळे ही छोटी इंजिनं बरीचशी साध्या यांत्रिक पंपावरच राहिली. पाना-पक्कड चालवता येणाऱ्या माणसाला ती उघडता येतात, लॅपटॉप जोडावा लागत नाही.

तासांच्या मीटरवर लोक फार अडतात. ‘दीड हजार तास झालेत, संपलं का हो?’ वर्षाला पन्नास तास धरले तर दीड हजार तास म्हणजे तीस वर्षांची घरची कापणी. साध्या लॉन ट्रॅक्टरच्या पेट्रोल इंजिनाला ते जड जातं. पाण्याने थंड होणाऱ्या डिझेलला, ऑइल वेळेवर बदललं असेल तर, त्यात विशेष काही नाही. मैदानांवर रोज चाललेलं, नेमाने सर्व्हिस झालेलं दोन हजार तासांचं यंत्र मी डोळे मिटून नाही, पण आनंदाने बघायला जाईन. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभं राहिलेलं सहाशे तासांचं यंत्र बघायला जाताना मात्र कपाळाला आठी पडते. टाकीत पाणी साचलेलं असतं, डिझेल आणि पाणी मिळतात तिथे जिवाणूंचा काळपट चिकट थर धरलेला असतो, तो फिल्टर तुंबवतो आणि पुढे पंपाला त्रास देतो. मीटर बदललेलाही असू शकतो. म्हणून आकड्याबरोबर पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड आणि पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा. पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं की सगळं कळतं.

आता डेक. इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. पेट्रोल मोअरला स्पार्क प्लगची वायर काढून ठेवता येते. इथे ती सोय नाही, म्हणून बॅटरी सोडवायची. डेक नुसता हायड्रॉलिकवर लटकलेला असताना खाली हात घालायचा नाही, लाकडी ठोकळे लावायचे. जाड हातमोजे घालून पातं धरा आणि हळू फिरवा. पातं ज्या दांड्यावर फिरतं त्या स्पिंडलचं बेअरिंग चांगलं असेल तर काही जाणवत नाही. गेलेलं असेल तर खरखर थेट तळहाताला लागते. मग पातं वर-खाली हलवा. टोकाशी टकटक झालं म्हणजे बेअरिंग गेलं, किंवा त्याहून वाईट म्हणजे बेअरिंगची बैठक झिजली. नंतर पात्याचं एक टोक डेकच्या कडेला एखाद्या खुणेशी आणून जमिनीपासूनची उंची मोजा, पातं अर्धा फेरा फिरवून दुसरं टोक त्याच खुणेशी आणा, परत मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर काहीतरी वाकलंय. सरळ असल्याची खात्री असलेलं पातं लावूनही फरक तसाच राहिला तर स्पिंडल वाकलाय, म्हणजे कधीतरी यंत्र दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर जोरात बसलंय. पात्याचं टोक सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर वेगाने फिरतं हे लक्षात घेतलं तर एवढा फरक का चालत नाही ते सांगायला नको.

राहिला डेकचा पत्रा. कापलेल्या गवताचा ओला थर तसाच राहिला की त्याच्या पाठीमागे पत्रा मुकाट गंजत जातो. एका ओळखीच्यांबरोबर यंत्र बघायला गेलो होतो, तिथे वरून नवाकोरा रंग होता आणि डेकखाली वाळलेल्या गवताचा बोटभर थर. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर गवताबरोबर गंजाचा पापुद्रा सुटला, आणि स्पिंडलच्या बोल्टाशेजारी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. विकणारा गृहस्थ तोवर इंजिन चालू करून दाखवायच्या गडबडीत होता, आणि इंजिन खरंच सुरेख होतं. कडेचा पत्रा गेला तर वेल्डिंग करून वर्षं काढता येतात. स्पिंडल जिथे बसतो तिथला गेला तर तीन पाती एका पातळीत ठेवणं कठीण, गवतात पायऱ्या दिसतात.

अनेक डिझेल यंत्रांत डेकला ताकद शाफ्टने येते आणि डेकवर काटकोनात वळणारा छोटा गिअरबॉक्स असतो. त्याच्या तळाशी ऑइलचा ओघळ दिसला, शाफ्टच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, प्ले असला, तर किंमत करताना ते धरा. पट्टे, पाती, रोलर यांची काळजी नको. ते बदलायचेच असतात.

हायड्रोस्टॅट थंड असताना फसवतो. ऑइल थंड आणि घट्ट, त्यामुळे झिजलेला पंपही झकास ओढतो. वीसेक मिनिटं चालवा, ऑइल तापू द्या, मग चढावर न्या. पॅडल दाबलेलं असूनही यंत्र मंदावलं, किंवा चढावर कण्हल्यासारखा आवाज धरला, तर पंप-मोटर थकल्यात. आधी ऑइलची पातळी, फिल्टर आणि गिअरपेटीवरचा पंखा बघून घ्या. पंख्याची पाती तुटलेली आणि भोवती गवत कोंबलेलं असेल तर पेटी तापतच चालली असणार. वीस मिनिटं चालवू न देणाऱ्याकडून घेऊ नका, त्याचं कारण काही का असेना.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण त्याचं सगळ्यांनाच माहीत असतं. गेल्या-गेल्या सिलिंडर ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलंय. थांबा, थंड होऊ द्या. ग्लो प्लग तापवून सेल्फ मारल्यावर थोडा पांढरा धूर येऊन गेला तर ठीक. येतच राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझल. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे बऱ्याचदा नुसता एअर फिल्टर तुंबलेला. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या बाजूने खाली गळतोय. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असणारच, पण दुधाळ असेल तर हेड गॅसकेटचं काम निघालं समजा. पातळी खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. रेडिएटरसमोरची जाळीही काढून बघा, गवताचा भुसा तिथेच अडकतो. आणि चालू होत नाही म्हणून कवडीमोलाने विकायला काढलेलं यंत्र दिसलं तर घाईने नाही म्हणू नका: डिझेल संपेपर्यंत चालवलं की लाइन एअर धरते, किंवा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड गेलेला असतो. दोन्ही कामं लहान आहेत.

सीटखालच्या स्विचबद्दल मी हट्टी आहे. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पात्यांना देणारी जोडणी, चालू असताना सीटवरून उठलं की पाती थांबलीच पाहिजेत. जुन्या यंत्रांत हा स्विच अनेकदा दोन वायरी पिळून बाद केलेला असतो, कारण उठल्याबसल्या इंजिन बंद पडण्याचा कुणाला तरी कंटाळा आलेला असतो. दुरुस्ती सोपी आहे, पण पहिल्या कापणीआधी करा. उताराचंही तसंच. बहुतेक पुस्तिकांत 15 अंशांची मर्यादा दिलेली असते आणि डोळ्यांच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. मोबाइल उतारावर ठेवून अंश मोजता येतात. मागे संरक्षक कमान असेल तर ती उभी ठेवून पट्टा बांधायचा. कमानच नसेल तर पट्टा बांधायचा नाही, यंत्र उलटताना उडी मारायला मोकळं असायला हवं.

राहता राहिलं मॉडेल कुठलं. यावर माझं ठरलेलं मत नाही. ज्याचे पार्ट मिळतात ते. बघायला जायच्या आधी पाटीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर मागवा आणि स्पिंडल, डेकचा गिअरबॉक्स, पीटीओ क्लच, हायड्रोस्टॅटचा फिल्टर आणि सोलेनॉइड यांची चौकशी फोनवरच करून टाका. जपानमधल्या भातखाचरांसाठी बनलेले आणि तिथून जुने म्हणून बाहेर आलेले छोटे डिझेल ट्रॅक्टर खूप जण विचारतात. इंजिन दणकट, किंमत मोहात पाडणारी. पण त्यातल्या बऱ्याच यंत्रांना पोटाखाली डेक बसवायची सोयच नसते, आणि बाहेरच्या देशांत विकलेल्या मॉडेलांशी पार्ट जुळतीलच असं नाही. गवत कापायचं तर मागे जोडायचा मोअर वेगळा घ्यावा लागतो, आणि मग लांबी एवढी होते की प्रत्येक झाडापाशी पुढे-मागे करत बसावं लागतं. मोकळ्या माळावर चालेल, घराभोवती नको.