परमवीरचक्र आणि एका रस्त्याचे काम

परमवीरचक्राच्या अधिकृत गौरवपत्रांपैकी मी सर्वांत जास्त वेळा वाचले असेल ते सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या ज्या दलाचे ठाणे पुण्याजवळ खडकीला आहे त्या दलाचे अधिकारी होते. शत्रूच्या ठाण्यावर तुटून पडणे, अखेरची गोळी संपेपर्यंत झुंजणे असे जे चित्र शौर्यपदकाचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर येते, त्यातले त्या मजकुरात फारसे काही नाही. त्यात आहेत सुरुंग, उडवलेली मोरी, आडवी पाडलेली झाडे आणि घड्याळातल्या वेळा.

पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, एप्रिल 1948 मध्ये, भारतीय सैन्य जम्मू भागातल्या नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाले, तेव्हा रणगाडे पुढे नेण्यासाठी डोंगरातला रस्ता मोकळा करणे हे राणे यांच्या तुकडीचे काम होते. 8 एप्रिलला कामाला हात घालतो न घालतो तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोघे ठार आणि पाच जण जखमी झाले, आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि काम सुरू केले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार झाला. त्यानंतर ते सर्वांत पुढच्या गाडीत बसून निघाले; वाटेत पाइनची झाडे आडवी दिसली की उतरायचे, ती सुरुंगाने उडवायची आणि पुढे सरकायचे. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठ्या झाडांचा अडथळा समोर आला, त्याच्याभोवती सुरुंग पेरलेले आणि त्यावर मशीनगनचा रोख धरलेला. अंधार पडत होता, म्हणून रणगाडा दलाच्या प्रमुखाने त्या रात्रीपुरते थांबायचे ठरवले. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला राणे पुन्हा त्याच अडथळ्यापाशी होते आणि साडेसहाला तो दूर झाला. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले. पण मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रस्ता हवाच होता, त्यामुळे राणे अन्न आणि विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत खपत राहिले. 11 तारखेला सकाळी सहा ते रात्री दहा, हाच क्रम.

एखाद्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याची रोजनिशी वाचावी तसा हा मजकूर आहे, आणि माझ्या मते त्याचे मोल नेमके तिथेच आहे. क्षणाच्या आवेशात माणूस पुष्कळ काही करून जातो. जखमी अवस्थेत, अर्धवट झोपेनंतर, काल जिथे गोळ्या येत होत्या त्याच जागी पहाटे परत जाऊन हाताने सुरुंग काढणे हे आवेशाचे काम नव्हे. त्याला डोके थंड आणि हात स्थिर लागतो. शत्रूसमोर दाखवलेले असामान्य शौर्य किंवा आत्मबलिदान ही या पदकाची अट आहे. शत्रूला मारलेच पाहिजे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

हे पदक 26 जानेवारी 1950 रोजी सुरू झाले आणि 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आले, म्हणूनच 1947–48 च्या युद्धातल्या पाच जणांना ते मिळू शकले. त्या पाचांत राणे आणि लान्सनायक करमसिंग एवढे दोघेच हयात होते. आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्याच झाल्या होत्या, आणि पुराणांचा त्यांचा अभ्यास आपल्यापैकी अनेकांना लाजवील असा होता. काशाच्या त्या छोट्या चकतीवर मधोमध राजमुद्रा आहे आणि भोवती दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र चार वेळा कोरलेले आहे.

राणे 1968 मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये पुण्यात वारले. त्यांच्याविषयी बोलताना बहुतेक वक्ते ‘प्राणांची पर्वा न करता’ या एका वाक्यात ते चारही दिवस उरकतात. त्याऐवजी कोणी त्या गौरवपत्रातल्या वेळा क्रमाने वाचून दाखवल्या, तर शाळेतल्या मुलांनाही त्या कामाचा अंदाज अधिक येईल.